चालू इंजिन बंद करायचं न्हाई

लोणावळ्यात आम्ही भाड्याने राहायचो त्या घरात शांतता नावाची गोष्ट नव्हती. भांडणं व्हायची म्हणून नव्हे. भांडणंही व्हायची, पण ती वेगळी. घरमालकांच्या ओसरीवर एक जुना ट्रान्झिस्टर होता आणि विकत आणल्या दिवसापासून तो कुणी बंद केलेला नव्हता. रात्री त्याचा आवाज इतका बारीक करायचे, की आतला माणूस गातोय की कण्हतोय ते कळू नये. पण बंद नाही. वीज गेली तर पोटात सेल होते. सेलही बदलायचे ते वीज असताना, म्हणजे मध्ये क्षणाचासुद्धा खंड पडायला नको.

"बिघडेल हो एखादे दिवशी," राहायला आल्या आल्या मी म्हणालो.

घरमालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी चपला घालून देवघरात शिरलोय.

"मॅनेजर," ते म्हणाले, "चालू वस्तू बिघडत न्हाई. बंद केली का बिघडती."

मी मॅनेजर नव्हतो. एका हॉटेलच्या काउंटरवर उभा राहून पाहुण्यांना खोल्यांच्या किल्ल्या देणं आणि धुक्यामुळे दरी दिसत नाही याबद्दल त्यांची माफी मागणं, एवढंच माझं काम. पण त्यांनी पहिल्या भेटीत मला मॅनेजर केलं आणि शेवटपर्यंत पदावरून काढलं नाही. मीही त्यांना सगळी गल्ली म्हणायची तसं आबा म्हणायला लागलो.

आबा मूळचे मळवलीजवळच्या भाजे गावचे. घरची भातशेती भावांवर सोपवून तरुणपणीच रेल्वेत गेले आणि डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी पुणे-मिरज मार्गावर, जेजुरी-नीरा-साताऱ्याच्या उन्हात. घर मात्र लोणावळ्यात बांधलं, कारण मावशींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, माहेर जवळ हवं होतं. त्यामुळे जन्मभर डिझेलवर चाललेला हा माणूस म्हातारपणी विजेच्या गाड्यांच्या गावात येऊन पडला. रोज सकाळी स्टेशनच्या पुलावर जाऊन तो विजेची इंजिनं बघायचा. एखाद्या घरी गेलं की तिथल्या हडकुळ्या पोरांकडे बघावं, तशा नजरेने.

"दुसऱ्याच्या तारेवर जगत्यात बिचारी," म्हणायचे. "वरची तार तुटली का संपलं. आमचं इंजिन आपलं आपल्यापुरतं पोटात घेऊन फिरतं."

एकदा मळवलीजवळ खरंच तार तुटली आणि अडकलेली गाडी ओढून न्यायला पुण्याहून डिझेल इंजिन आलं. त्या दिवशी आबांनी गल्लीत चिक्की वाटली. लोणावळ्यात चिक्की वाटणं म्हणजे कोकणात खोबरं वाटण्यासारखं, कुणी हात पुढे करीना. पण आबा दारोदार हिंडले. सांगत होते, "बोलवावं लागलं ना शेवटी म्हाताऱ्याला."

आता ट्रान्झिस्टरचं मूळ सांगतो. ते त्यांच्या जुन्या इंजिनात होतं. जुन्या डिझेलवाल्यांची एक रीत असायची: गाडी थांबली, तास दोन तास मुक्काम पडला, तरी इंजिन बंद करायचं नाही. नुसतं जागेवर धुगधुगत ठेवायचं. एवढं मोठं धूड बंद केलं आणि बॅटरी उतरलेली निघाली तर परत सुरू करणार कोण, आणि कसं? मग वरून हुकूम आला, की डिझेल वाचवा, थांबलात की बंद करा. आबांनी तो हुकूम वाचला, डोक्याला लावला आणि मोडला. त्यांच्या शब्दांत सांगायचं तर, "कागद हापिसात चालू हुता, इंजिन माझ्याकडं चालू हुतं."

ही रीत ते निवृत्तीनंतर घरी घेऊन आले. पंखा चालू. चहाचं पातेलं मंद आचेवर दिवसभर चालू, आणि त्यावरून मावशींची बडबड चालू. बाजारात गेले की स्कूटर दुकानाबाहेर चालूच ठेवून आत जायचे. एकदा ते आत गूळ घेत असताना कुणीतरी ती घेऊन पसार झाला. दुकानदार घाबरला, बाहेर माणसं जमली. आबांनी गुळाची ढेप पिशवीत नीट ठेवली आणि म्हणाले, "न्हेऊ द्या. मधी कुटंतरी बंद करील आन मग त्याला सुरू करता येणार न्हाई." संध्याकाळी स्कूटर कार्ला फाट्याजवळ उभी सापडली. चोराने चहा प्यायला थांबताना ती बंद केली होती. या एका घटनेवर आबांचं तत्त्वज्ञान पुढची कित्येक वर्षं पोसलं गेलं.

आणि ते स्वतःही बंद नसायचे. गप्प बसले की ओठ मिटून घशातून एक आवाज काढायचे. हुडुक-हुडुक, हुडुक, हुडुक-हुडुक. सरळ ठेका नाही, मध्येच लंगडणारा. जुनं डिझेल उभं असताना तसंच लंगडत धुगधुगतं म्हणे. पहिल्या रात्री भिंतीपलीकडून तो आवाज आला तेव्हा माझी बायको म्हणाली, "मांजर आजारी आहे वाटतं त्यांची." मावशींना मात्र त्या आवाजाची इतकी सवय होती, की स्वयंपाकघरात भाकरी थापताना त्यांचा एक कान कायम ओसरीकडे असायचा. हुडुक-हुडुक ऐकू येतंय म्हणजे नवरा जागेवर आहे.

डिझेलचा वेग वाढवायच्या दांड्याला आठ खाचा असतात, त्यांना रेल्वेवाले नॉच म्हणतात. आबा सगळं जग या आठ खाचांत मोजायचे. "चा तिसऱ्या नॉचवर ठेव." "पाव्हणा पाचव्या नॉचवर आलाय, पैशाचं काम दिसतंय." मी हॉटेलातल्या गमती नकला करून सांगायचो. आवाज बदलून, हातवारे करून, कधी खुर्चीवर उभा राहून. आबा शेवटपर्यंत ऐकायचे आणि मावशींना म्हणायचे, "मॅनेजर आठव्या नॉचवर असत्यात. मागं डबा मात्र एक बी न्हाई."

माझी नाटकी कारकीर्द त्या एका वाक्यात आटोपली. आजवर तिचं इतकं नेमकं परीक्षण कुणी केलेलं नाही.

जुनी इंजिनं भरवशाची का, याचं त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "नवं इंजिन न सांगता बसतं. मधीच. दिवा लागतो आन संपलं. जुनं तसं न्हाई. आदी कुरकुरतं. मग खोकतं. मग धूर काढतं. त्येवढ्यात तुमाला स्टेशनापातुर न्हेतं, आन मग बसतं. कुरकुर करणाऱ्यावर भरवसा ठेवा, मॅनेजर. गपगार ऱ्हातो त्यो दगा देतो." एवढं बोलून आत भांड्यांशी बोलणाऱ्या मावशींकडे हनुवटीने खूण करायचे. "म्हणून तर संसार टिकला."

"ऐकलं मी," आतून आवाज यायचा.

"ऐकाया पायजे म्हणूनच बोललो."

त्यांचं स्वतःचं इंजिन, ज्यावर त्यांनी सगळ्यात जास्त वर्षं काढली, ते भंगारात गेलं. मिरजेच्या मार्गावरही तारा आल्या आणि जुन्यांचं काम संपलं. आबा बघायला गेले नाहीत. त्याबद्दल बोलायचेही नाहीत. बोलायचे ते मेक्सिकोबद्दल.

थांबा, मेक्सिको कुठून आलं ते सांगतो. त्यांची मुलगी सोमाटण्याला दिलेली. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. ताईने वडिलांना एक मोबाइल दिला. आबांना टाइप करता येत नव्हतं, पण बोललं की तो शोधतो हे कळल्यावर त्यांनी त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन सांगितलं, "जुनं डिझेल इंजिन." मोबाइलने काय ऐकलं देव जाणे, पण त्याने आबांना थेट मेक्सिकोत नेऊन सोडलं. तिथे एक माणूस आहे. डोक्यावर गवती टोपी, पोट सुटलेलं, मागेमागे एक पिवळं कुत्रं. तो रुळाच्या कडेला उभा राहून जुन्या डिझेल गाड्यांचे व्हिडिओ काढतो आणि स्पॅनिशमध्ये अखंड बोलतो. आणि त्या व्हिडिओत, उन्हाने भाजलेल्या टेकड्यांमधून, काळा धूर सोडत, लांबच लांब मालगाडी ओढत एक इंजिन आलं.

आबा खुर्चीतून उठून उभे राहिले. "ह्यो तर आपल्यातला हाय."

होता तसाच. त्यांच्या इंजिनाचा मूळ आराखडा अमेरिकेतला. त्याच घराण्यातली इंजिनं तिकडे मेक्सिकोतही गेलेली, आणि म्हातारी होऊन, रंग उडून, पत्रे ठोकून ठोकून अजून कामावर. आबांना नवं नातं सापडलं. आपला भाऊ गेला, पण चुलता मेक्सिकोत ड्युटीवर आहे. पुढे सगळी दुपार ते मेक्सिकोत असायचे. टोपीवाला स्पॅनिशमध्ये बोलायचा, आबा त्याला मावळी बोलीत उत्तर द्यायचे.

"काय म्हणाला तो?" मी विचारायचो.

"म्हणला, चढ हाय, चाकं घसरत्यात, रुळावर जरा वाळू टाकाया पायजे."

"तुम्हाला स्पॅनिश येतं?"

"त्याला मराठी येतं का? न्हाई ना. तरी आमचं चाललंय का न्हाई?"

मेक्सिको कुठे आहे यात त्यांना रस नव्हता. तिथला निवडुंग, तिथली धूळ बघून त्यांनी तो देश जेजुरीच्या थोडा पुढे बसवून टाकला होता. मावशी एकदा वैतागून शेजारणीला म्हणाल्या, "ह्यास्नी मेक्सिकोत सासुरवाडी हाय दुसरी." शेजारीण दोन दिवस आबांकडे संशयाने बघत होती.

हे सगळं असंच हुडुक-हुडुक चाललं असतं. पण एका सकाळी आबा स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडले. चहावाल्याने तोंडावर पाणी मारलं. रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. मी धावत गेलो तर ओसरीवर बसून सगळ्यांना सांगत होते, "काय न्हाई, लोड जास्त झाला."

तपासण्यांत कळलं, की हृदयाची एक झडप कडक होऊन बसली आहे. आणि तीही आजची नाही. वर्षभर त्यांना चढताना दम लागत होता, छातीत दाटत होतं, आणि त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर मावशी हॉस्पिटलच्या बाकावर त्यांच्याकडे वळल्या.

"जुनं आदी कुरकुर करतं म्हणता ना? मग तुमी का न्हाई केली?"

आबांच्या घशातली हुडुक-हुडुक थांबली. त्या दिवशी परत सुरू झाली नाही.

डॉक्टर पुण्यातले, शांत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारे. आबांना वगळून त्यांनी आमच्याशी बोलणं केलं नाही, हे मला आवडलं. झडप बदलायला हवी, म्हणाले. नाही बदलली तर पुढची दिवाळी कठीण आहे.

"व्हॉल बदलायचा म्हंजी बदलायचा," आबा म्हणाले. "ते मला कळतं. किती येळचं काम?"

"काही तास. तेवढा वेळ हृदय आपण थांबवून ठेवतो. रक्त मशीनवर फिरतं. झडप बसली की हृदय परत सुरू करतो."

आबा पुढे झुकले. "थांबवता म्हंजी बंद करता?"

"हो. बंद."

"आन परत सुरू कोण करतं?"

"बहुतेक वेळा ते आपलं आपण सुरू होतं. नाही झालं तर आम्ही हलकासा विजेचा झटका देतो."

"म्हंजी बॅटरी लावून क्रँक करता."

डॉक्टर हसले. "तसंच समजा."

आबा उठले, पायात चपला सरकवल्या आणि दाराकडे निघाले. "ऱ्हाऊ द्या. चालू इंजिन बंद करायचं न्हाई."

आम्हाला वाटलं, घाबरलेत, दोन दिवसांत येतील ताळ्यावर. आले नाहीत. ताई सोमाटण्याहून रोज यायची, रडायची, रागवायची. भाज्याहून भाऊ आले, त्यांनी देवाची शपथ घातली. आबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि एकच वाक्य ऐकवलं. तुम्हाला हसू येईल, मलाही आधी आलं होतं. पण मग लक्षात आलं, की हा माणूस हट्ट करत नाहीये. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर विश्वास ठेवून त्याने माणसांनी भरलेल्या गाड्या ओढल्या, तीच गोष्ट तो सांगतोय. आणि आम्ही त्याला म्हणत होतो, की ती तेवढी सोडून दे आणि टेबलावर झोप.

मावशी भांडायच्या थांबल्या तेव्हा मला खरी भीती वाटली. त्या नुसत्या स्वयंपाकघरात बसून राहायच्या, ओसरीकडे कान लावून.

"मॅनेजर," एक दिवस मला म्हणाल्या, "तुमी येवढं बोलता. लोकांस्नी दिसत न्हाई ती दरी इकता. ह्यांच्यासाठी काय तरी बोला की."

झालं. माझ्या अभिनयाला एवढं मोठं बोलावणं कधी आलं नव्हतं. मी बोलून काही होणार नाही, हे मला ठाऊक होतं. आठवा नॉच, मागे डबा नाही. बोलायला दुसरं कुणीतरी हवं होतं, आणि आबा ज्याचं ऐकतील असा माणूस या पृथ्वीवर एकच होता. तो गवती टोपी घालून मेक्सिकोत राहत होता.

मी मोबाइल घेऊन बसलो. हॉटेलच्या काउंटरवर पाहुणे किल्लीसाठी ताटकळत होते आणि मी मेक्सिकोतली भंगार यार्डं पालथी घालत होतो. शेवटी सापडला. टोपीवाल्याचाच व्हिडिओ. कुठल्याशा यार्डात वर्षानुवर्षं बंद पडून, गवतात बुडालेलं, आबांच्या इंजिनाच्या घराण्यातलं एक धूड. आणि व्हिडिओच्या नावाचं मोबाइलने करून दिलेलं मराठी होतं, 'जुने इंजिन जागे होते'. मी एवढंच वाचलं, सुरुवात जराशी बघितली आणि नाचतच घरी आलो. पूर्ण बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. पडदा उघडायच्या आधी नाटक वाचावं, ही साधी गोष्ट. पण ती करतो तो मी कसला.

दुपारी ओसरीवर मंडळी जमवली. आबा खुर्चीत, मावशी उंबऱ्यावर, ताई खांबाला टेकून. मोबाइल लाडवाच्या डब्याला टेकवून ठेवला. मी प्रस्तावना करणार होतो, पण आबा म्हणाले, "मॅनेजर, बसा. इंजिनाला बोलू द्या."

सुरुवातीलाच आबा गुंतले. टोपीवाला आणि त्याचे दोन सोबती इंजिनाच्या पोटातली दारं उघडत होते. आतून पक्ष्याचं घरटं निघालं. मग एकाने लोखंडी पहार लावून इंजिन हाताने थोडंथोडं फिरवलं, आणि बाजूच्या नळ्यांतून गंजलेलं पाणी उडालं.

"बरोबर," आबा म्हणाले. "आदी पाणी काढाया पायजे. घाई केली का वाकडं व्हतं. शाणी माणसं हायती."

मग बॅटऱ्या आल्या. नव्या, चकचकीत. टोपीवाला आत चढला. कुत्रं लांब जाऊन बसलं. त्याने बटण दाबलं.

इंजिनाने एक लांब, जड कण्हणं काढलं आणि थांबलं.

मी आबांकडे पाहिलं. चेहरा दगडाचा.

परत बटण. परत कण्हणं, एक ठसका, धुराचं एक भेंडोळं, आणि सगळं गप्प. टोपीवाला बाहेर आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आता पहिल्यांदाच तो काही बोलत नव्हता.

"गेलं," आबा हळूच म्हणाले. "मी सांगतोय ते काय खोटं हाय?"

ताईने माझ्याकडे जे पाहिलं ते मी वर्णन करत नाही. माझी पाचावर धारण बसली. म्हाताऱ्याचा जीव वाचवायला म्हणून मी त्याच्या समोर मढं आणून ठेवलं होतं. टोपीवाला पुन्हा आत चढला, बटणाकडे हात नेला, आणि नेमकं तेव्हा लोणावळ्याचं नेटवर्क गेलं. पडद्यावर तो वाट बघायला लावणारा गोल फिरायला लागला.

"आता ह्ये काय फिरतंय?" मावशींनी विचारलं.

"क्रँक व्हतंय," आबा म्हणाले. नजर हलेना.

"नेटवर्क गेलंय, आबा."

"मग आणा की."

मी मोबाइल उचलून अंगणात पळालो. नाही. विहिरीच्या कठड्यावर चढलो. नाही. मग गच्चीच्या जिन्यावर, तर मागून पावलं वाजली. बघतो तो आबा जिना चढतायत, त्यांच्या मागे मावशी त्यांचा सदरा धरून.

"तुमी न्हाई चढायचं. डॉक्टरनी सांगितलंय."

"त्याचं काय झालं ते बघू दे मला."

"मी खाली आणतो, आबा," मी ओरडलो, "तुम्ही तिथेच थांबा." आबा तिसऱ्या पायरीवर बसले. खरंच दम लागला होता. मी गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीवर, एका पायावर, हात आभाळात. नटराजाच्या मुद्रेत मी असा त्याआधी आणि नंतर कधी उभा राहिलो नाही. गोल थांबला. मी पडद्याकडे न बघता तसाच खाली धावलो आणि मोबाइल आबांच्या हातात दिला.

कण्हणं. लांबलेलं. थांबतंय असं वाटलं. मग एक खोकला, मग दुसरा, खोकल्यामागून खोकला, आणि धुराड्यातून काळ्या धुराचा असा लोट उठला, की टोपीवाला, सोबती, यार्ड, मेक्सिको सगळं नाहीसं झालं. नुसतं कुत्र्याचं भुंकणं. मग धूर विरळ होत गेला आणि त्यामागून आवाज आला. हुडुक-हुडुक. हुडुक. हुडुक-हुडुक.

टोपीवाल्याने टोपी काढून इंजिनाच्या पत्र्यावर कपाळ टेकवलं होतं.

आबांनी तेवढाच भाग पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग मोबाइल मावशींच्या हातात दिला आणि बराच वेळ समोरच्या आंब्याकडे बघत बसले.

"बॅटरी नवी घातली हुती त्यांनी," शेवटी म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"आदी पाणी काढलं. घाई केली न्हाई."

"नाही केली."

"दोनदा पडलं तरी सोडून गेला न्हाई त्यो." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "ताई, डॉक्टरला फोन लाव. इचार, त्यांची बॅटरी नवी हाय का."

मावशींनी तिथेच जिन्यावर बसकण मारली आणि पदर डोळ्यांना लावला. मग लगेच उठल्या, कारण पातेल्यातला चहा करपल्याचा वास येत होता.

ऑपरेशनच्या दिवशी आत नेताना आबांनी स्ट्रेचरवरून डॉक्टरांचा हात धरला. "बंद कराल तवा एकदम करू नका. आदी हळू करा, मग बंद करा."

"तसंच करणार आहोत," डॉक्टर म्हणाले.

"आन पयल्यांदा न्हाई झालं सुरू, तर सोडून जाऊ नका."

"नाही जाणार."

बाहेरच्या बाकावर मावशी, ताई आणि मी. मावशींचा कान त्या बंद दाराकडे, ओसरीकडे असायचा तसा. आत काही ऐकू येण्यासारखं नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. मी एकही गोष्ट सांगितली नाही. यावरून माझी काय अवस्था होती ते ओळखा.

मग दार उघडलं, डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क खाली केला आणि मावशींकडे बघून म्हणाले, "पहिल्याच खेपेला सुरू झालं. बॅटरी लावावीसुद्धा लागली नाही."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी?"

"म्हणजे बरे आहेत," मी म्हणालो, आणि माझा जीव असा भांड्यात पडला, की त्याचा आवाज सगळ्या मजल्याला ऐकू गेला असावा. नंतर ताई म्हणाली, की तो मी रडल्याचा आवाज होता. मला मान्य नाही.

छातीच्या अशा ऑपरेशननंतर पेशंटला मुद्दाम खोकायला लावतात. छातीशी उशी धरायची आणि खोकायचं. बाकीचे पेशंट त्या व्यायामवाल्या मुलीला बघूनच डोळे मिटून घ्यायचे. आबांना तिने घाबरत घाबरत सांगितलं, "आजोबा, दुखेल, पण जरा खोका."

आबांनी उशी कवटाळली आणि असे खोकले, की शेजारच्या पलंगावरचा गृहस्थ उठून बसला. वेदनेने डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तोंडभर हसू.

"धूर निगाला का?" त्यांनी मला विचारलं.

"निघाला, आबा. काळाकुट्ट."

"मग लागलं लायनीला," म्हणाले आणि झोपले.

घरी आल्यावर गल्लीने चिक्की आणून दिली. लोणावळ्यात कुणी आजाऱ्याला चिक्की नेत नाही, पण सगळ्यांना जुना हिशोब फेडायचा होता. आबा महिनाभर ओसरीवर पडून मेक्सिको बघत राहिले. डॉक्टर फिरा म्हणाले तेव्हा अंगणात पहिल्या नॉचवर फिरायला लागले. सगळं पहिल्यासारखं झालं. पंखा, चहा, मावशींची बडबड.

आणि मग एका दुपारी, मी जेवून आडवा झालो होतो, तेव्हा भिंतीपलीकडे काहीतरी झालं. काय झालं ते आधी कळेना. मी उठून बसलो. माझी बायकोही उठून बसली. काही झालं नव्हतं, आवाज थांबला होता. ट्रान्झिस्टर बंद होता. आणि हुडुक-हुडुकही नव्हती.

मी धावलो. मावशी माझ्याआधी धावल्या होत्या, हाताला पीठ, हातात लाटणं. आम्ही दोघे एकदमच ओसरीच्या दारात आदळलो.

आबा खुर्चीत ताठ बसले होते. डोळे उघडे. एक बोट ट्रान्झिस्टरच्या खटक्यावर. आमच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

"थांब जरा," आबा म्हणाले. त्यांनी बोट उचललं, श्वास घेतला आणि खटका दाबला.

काही नाही. मग आतून खरखर, मग एक ठसका, मग दुरून कुणीतरी बातम्या सांगायला लागला.

आबा खुर्चीत मागे टेकले. "हुतो की परत सुरू," म्हणाले. "उगाच इतकी वर्षं सेल जाळलं."

मावशींनी हातातलं लाटणं उगारलं, तसंच खाली आणलं आणि म्हणाल्या, "पुन्यांदा काय बंद करायचं असंल, तर आदी मला सांगायचं. कळलं का?"

"व्हय," आबा म्हणाले.

आणि घशातून, बारीक, लंगडत, सुरू झाले.